जॉनी गद्दार : मैत्रीच्या हिशेबाचा एक सिनेमा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे 'मला आवडलेला एक सिनेमा'. त्यांची एकच अट आहे, की जेवणाची घंटा झाली की थांबायचं. ही अट शाळेतही होती, त्यामुळे अडचण नाही.

काल रात्री भेंड्या रंगल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मैत्री म्हटलं की आपल्या पिढीला अजून जय आणि वीरूच आठवतात. 'शोले' १९७५ सालचा. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, आणि मित्रासाठी जीव द्यायचा असतो हे आपण गणिताच्या आधी शिकलो. मी आज ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे त्यातही धर्मेंद्र आहे. पण 'शोले'नंतर बत्तीस वर्षांनी आलेल्या या सिनेमात मित्रासाठी कोणी जीव देत नाही. सिनेमाचं नाव 'जॉनी गद्दार', दिग्दर्शक श्रीराम राघवन. किती जणांनी पाहिलाय? हात वर करा. सात, आठ... म्हणजे माझं काम सोपं आहे. ज्यांनी पाहिलाय त्यांनी शेजारच्याला शेवट सांगायचा नाही. मीही सांगणार नाही.

हा सिनेमा २८ सप्टेंबर २००७ ला प्रदर्शित झाला. ते दिवस आठवा. २४ तारखेला धोनीच्या संघाने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला होता आणि २६ तारखेला मुंबईत त्यांची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली होती. त्या आठवड्यात सिनेमाबद्दल बोलायला कोणाला वेळ होता? त्यातून नायक अगदी नवा. गायक मुकेश यांचा नातू नील नितीन मुकेश याचा नायक म्हणून हा पहिला सिनेमा. बाकी सगळी भक्कम नटमंडळी, पण पोस्टरवर पाहून लोकांनी तिकीट काढावं अशी नावं नव्हेत. समीक्षकांनी कौतुक केलं, पण तिकीटबारीवर सिनेमा फारसा चालला नाही. नंतर मात्र तो लोकांनी टीव्हीवर पाहिला, डीव्हीडीवर पाहिला, एकमेकांना सांगितला. २०१२ मध्ये मल्याळममध्ये 'उन्नम' आणि २०१८ मध्ये तमिळमध्ये 'जॉनी' अशी त्याची दोन रूपंही आली. न चाललेल्या सिनेमाचं असं दोनदा होणं ही साधी गोष्ट नाही.

आता गोष्ट. मुंबईतले पाच भागीदार. धंदे असे, की पोलिसांना सांगता येणार नाहीत. त्यांच्यात वडीलधारा शेषाद्री, म्हणजे धर्मेंद्र. जुगाराचा नाद असलेला प्रकाश, म्हणजे विनय पाठक. तापट आणि संशयी शार्दूल, ते काम झाकिर हुसेन यांनी केलंय. तबल्याचे नव्हेत, नट झाकिर हुसेन. धिप्पाड शिवा म्हणजे दयानंद शेट्टी, 'सीआयडी' मालिकेत दारं तोडणारा दया. आणि सगळ्यांत धाकटा, सगळ्यांचा लाडका विक्रम. बंगळुरूचा कल्याण नावाचा एक पोलीस अधिकारी, गोविंद नामदेव, त्यांच्यापुढे एक सौदा ठेवतो. प्रत्येकाने पन्नास लाख घालायचे. पाच जणांचे झाले अडीच कोटी. ही रक्कम एका बॅगेत घालून शिवाने रेल्वेने बंगळुरूला न्यायची. चार दिवसांत भरपूर नफा.

इकडे विक्रमचं मिनीवर प्रेम आहे, आणि मिनी ही शार्दूलची बायको. नवऱ्याच्या धाकाखाली जगणारी. त्या दोघांना पळून जायचंय. पळून जायला पैसा लागतो, आणि पैशाची बॅग कुठल्या गाडीने, कोणाच्या हातातून जाणार आहे हे विक्रमला माहीत आहे, कारण पाचांपैकी एक वाटा त्याचाच आहे.

त्याचा बेत साधा आहे. आपण दुसरीकडेच आहोत असं भासवायचं, गाडीत चढायचं, शिवाला क्लोरोफॉर्मने बेशुद्ध करायचं, बॅग घेऊन उतरायचं. कोणाला इजा नाही, कोणाला पत्ता नाही. पण शिवा त्याला ओळखतो. झटापट होते आणि शिवाचा जीव जातो. इथून पुढे विक्रमला मागे फिरता येत नाही. एक खोटं झाकायला दुसरं, एक खून झाकायला दुसरा.

हे मी तुम्हाला सांगितलं म्हणून रहस्य फुटलं असं समजू नका. चोर कोण हे सिनेमाच आपल्याला सुरुवातीला सांगून टाकतो. आपण लहानपणी बाबूराव अर्नाळकर वाचले, गुरुनाथ नाईक वाचले, नंतर सुहास शिरवळकर वाचले. त्यांत बरेचदा 'कोणी केलं' हे शेवटच्या पानांपर्यंत लपवलेलं असायचं. इथे उलटं आहे. ते प्रेक्षकाला माहीत आहे, फक्त मित्रांना माहीत नाही. हिचकॉक म्हणायचा, की टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकेल, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच सांगितलं आणि टेबलाभोवतीची माणसं निवांत गप्पा मारत राहिली, तर तो सगळा वेळ खुर्चीच्या कडेवर बसेल. 'जॉनी गद्दार'मध्ये टेबलाखाली बॉम्ब नाही. टेबलाभोवती बसलेल्यांपैकीच एक जण बॉम्ब आहे.

शिवा गेल्यावर उरलेले चौघे एकत्र बसतात आणि 'हे कोणी केलं' याचा विचार करतात, ते प्रसंग बघा. विक्रम त्यांच्यातच बसलेला आहे. तोही तर्क करतो, तोही हळहळतो. कॅमेरा काही चमत्कार करत नाही. आपण फक्त त्या तरण्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. आणि मग एक विचित्र गोष्ट होते. तो पकडला जाऊ नये असं आपल्याला वाटायला लागतं. हे माझ्या एकट्याचं नाही, मी हा सिनेमा ज्यांच्या ज्यांच्याबरोबर पाहिला त्या सगळ्यांचं झालं. आपण गुन्हेगाराच्या बाजूने कधी गेलो हे आपल्याला कळतच नाही. राघवन यांचं खरं कसब मला इथे वाटतं.

थोडं या दिग्दर्शकाबद्दल. राघवन पुण्यात वाढले आणि तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, म्हणजे जुन्या 'प्रभात'च्या आवारात. विद्यार्थी असताना केलेल्या त्यांच्या 'द एट कॉलम अफेअर' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा 'एक हसीना थी', २००४ चा. 'जॉनी गद्दार' दुसरा. पुढे त्यांनी 'बदलापूर' केला, २०१८ मध्ये 'अंधाधुन' केला. 'अंधाधुन' तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच असेल, आपल्या ग्रुपवर त्याच्या शेवटावरून चार दिवस भांडण चाललं होतं. तो आवडला असेल, तर त्याचं बीज या दुसऱ्या सिनेमात सापडेल.

'जॉनी गद्दार' त्यांनी दोघांना अर्पण केला आहे. एक विजय आनंद आणि दुसरा जेम्स हॅडली चेस. विजय आनंद म्हणजे 'तीसरी मंझिल', 'ज्वेल थीफ' आणि १९७० चा 'जॉनी मेरा नाम'. चेस म्हणजे वाचनालयाच्या मागच्या फळीवरचा तो इंग्रज लेखक. त्याच्या पुस्तकांची मुखपृष्ठं अशी असायची, की वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच घरी न्यावी लागायची. हसू नका, त्या कव्हरांवर 'भूगोल' लिहिणारे काही जण इथे पुढच्या रांगेत बसले आहेत. चेसच्या कादंबऱ्यांमध्ये बहुतेक वेळा एक बरा माणूस असतो, एक बाई असते, पैशाची एक रास असते, आणि 'एकदाच करायचं' हा विचार असतो. विक्रम थेट त्या घराण्यातला आहे.

जुन्या सिनेमांचं प्रेम या सिनेमात नुसतं शोभेला नाही. विक्रमला रेल्वेची युक्ती सुचते ती 'परवाना' पाहून. १९७१ चा 'परवाना', त्यात अमिताभ बच्चन खलनायक होता आणि रेल्वेप्रवासाचा पुरावा उभा करून खून करत होता. पुढे एका हॉटेलात खोली घेताना विक्रमला खोटं नाव हवं असतं. तिथला माणूस टीव्हीवर 'जॉनी मेरा नाम' बघत असतो, आणि विक्रम तेच नाव उचलतो. सिनेमाचं नाव तिथून आलंय. आपणही सिनेमा बघून केस ठेवले, बेलबॉटम शिवल्या. विक्रमने गुन्हा उचलला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९६३ मध्ये जॅक देरे या फ्रेंच दिग्दर्शकाचा एक सिनेमा आला होता, 'सिंफनी फॉर अ मॅसकर' या इंग्रजी नावाने तो ओळखला जातो. पाच भागीदार, पैशाची बॅग, रेल्वे, आणि पाचांतलाच एक फितूर, हा सांगाडा तिथला आहे. पण सांगाडा उसना असला तरी 'जॉनी गद्दार'मधली माणसं इथली आहेत. त्यांची घरं, त्यांची भांडणं, त्यांचे विनोद अस्सल मुंबईचे आहेत.

या सिनेमाला नुसता गुन्हेपट म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. ही प्रेमाचीही गोष्ट आहे, आणि प्रेमं एक नाही, तीन आहेत. शेषाद्रीची बायको वारली आहे. तिने गायलेल्या 'बंदिनी'तल्या एका गाण्याची कॅसेट त्याच्याजवळ आहे, आणि तो म्हातारा टेपरेकॉर्डर लावून तिचा आवाज ऐकत बसतो. 'बंदिनी' १९६३ चा, आणि त्यात तरुण धर्मेंद्र होता. हे ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात त्या प्रसंगी काहीतरी हलतंच. दुसरं प्रेम प्रकाश आणि त्याची बायको वर्षा यांचं. वर्षा झाली आहे आपली अश्विनी काळसेकर. नवरा जुगारी आहे हे तिला पक्कं माहीत आहे, तरी त्या घरात हसणं आहे. आणि तिसरं विक्रम आणि मिनी यांचं. पहिल्या दोन घरांत माणसं एकमेकांना पूर्ण ओळखतात. विक्रमचं प्रेम चोरून आहे, म्हणून त्याला पहिल्या दिवसापासून खोटं बोलायची सवय आहे. बॅग चोरायच्या कितीतरी आधी तो शार्दूलच्या घरी जाऊन त्याच्याशी मित्रासारखा बोलत आलेला आहे. माझ्या मते गद्दारी तिथेच सुरू झाली, रेल्वेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं स्नेहमेळाव्यात कशाला? मैत्रीच्या समारंभात गद्दारीचा सिनेमा? सांगतो.

मी तीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली निम्म्याहून जास्त वसुली विभागात. कर्जदार हप्ते थकवतो तेव्हा नोटीस जामीनदारालाही जाते. १८७२ चा आपला करार कायदा आहे, त्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं तो म्हणू शकत नाही. हे बहुतेकांना नोटीस आल्यावरच कळतं. सही करताना कोणी वाचत नाही, कारण कागद मित्राचा असतो. इतक्या वर्षांत अनोळखी माणसाला जामीन राहिलेला मला एकही भेटला नाही. सगळे मित्राला, भावाला, साडूला राहिलेले. 'जॉनी गद्दार' मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला हेच दिसत होतं. शिवाला कोणी अनोळखी माणूस भेटला असता तर तो सावध राहिला असता. बॅग कुठल्या गाडीने जाणार हे अनोळखी माणसाला ठाऊकच नसतं. आपल्याला फसवायला लागणारी सगळी माहिती फक्त मित्राकडे असते. ती आपणच दिलेली असते, आणि द्यायलाही हवी, नाहीतर मैत्री कसली?

एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. नावगाव सांगत नाही, ते आपल्या शाळेचे नव्हते. बालमित्राच्या धंद्याला जामीन राहिले होते. मित्राने हात वर केले. यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून चार वर्षांत सगळं फेडलं. शेवटचा हप्ता भरून बेबाकी दाखला घेतला तेव्हा मी त्यांना चहा मागवला. ते म्हणाले, ''साहेब, पैसे गेले, ते गेले. पण तो आता मला पाहून रस्ता बदलतो. आम्ही दोघांनी नदीत पोहायला शिकताना काय काय केलं, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत आहे? त्या गोष्टी मी आता कोणाशी बोलू?''

मला त्यांना काही उत्तर देता आलं नाही. पण या सिनेमात विक्रमचं जे होतं ते मला त्यांच्यामुळे नीट समजलं. विक्रमला पोलिसांची भीती कमी आणि मित्रांची जास्त आहे. पाचांतले एकेक कमी होत जातात तसा त्याच्याजवळचा पैसा सुरक्षित होत जातो, आणि त्याला ओळखणारी माणसं संपत जातात. ज्या माणसांत तो 'लाडका' होता ती माणसंच उरत नाहीत. अडीच कोटी घेऊन मिनीबरोबर पळून गेला असता, तरी तो कोण होता हे सांगणारं कोणी राहिलं नसतं. सिनेमा हे बोलून दाखवत नाही. तो फक्त एकेक खुर्ची रिकामी करत जातो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. सूचना केल्याशिवाय बँकवाला खाली उतरत नाही.

पहिली. काल आपण बॅचचा मदतनिधी उभारायचं ठरवलं, कोणाच्या आजारपणात किंवा मुलांच्या शिक्षणात उपयोगी पडावा म्हणून. उत्साहात कोणीतरी म्हणालं, ''पैसे एकाच्या खात्यावर जमा करू, आपल्यात कसला हिशेब?'' मला हे मान्य नाही. खातं संयुक्त असावं, पैसे काढायला दोन सह्या असाव्यात, आणि दरवर्षी मेळाव्यात जमाखर्च मोठ्याने वाचावा. यात कोणावर अविश्वास नाही. त्या पाच जणांनी अडीच कोटी एका बॅगेत, एका माणसाच्या हाती दिले आणि बरोबर दुसरं कोणी पाठवलं नाही. सोबत एक जण असता, तर शिवा वाचला असता आणि कदाचित विक्रमही. माणसाला मोहात पडायची संधी न देणं ही मित्रांचीच जबाबदारी आहे.

दुसरी. आपल्या बॅचचे काही जण मेळाव्याला कधीच येत नाहीत. त्यांतल्या एक-दोघांचं न येण्याचं कारण पैसा आहे, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. कोणाचं कोणाकडे येणं आहे हे मला विचारायचं नाही. रक्कम मोठी असेल तर ती वसूल करायचे रस्ते आहेत, मी सांगेन. पण रक्कम ज्याची बुडाली त्याने मनातल्या मनात सोडून दिली असेल, तर त्यानेच एक फोन करावा. ज्याने बुडवली तो करणार नाही, त्याची मान वर होत नाही, हे मी टेबलाच्या अलीकडे बसून वर्षानुवर्षं पाहिलंय. शाळेतली माणसं बदलून मिळत नाहीत. तिसरीत आपण कसे होतो, कोणाची चप्पल हौदात टाकली होती, कोणासाठी कोणी छडी खाल्ली होती, हे माहीत असलेली माणसं जगात मोजकीच आहेत आणि ती दरवर्षी कमी होत आहेत. काल आपण ज्यांना श्रद्धांजली वाहिली त्यांची यादी पाहिलीत ना?

सिनेमा जरूर पाहा. रात्री पाहा, दारं लावून पाहा, आणि शक्यतो शाळेतल्या एखाद्या मित्राला शेजारी बसवून पाहा. शेषाद्री टेप लावतो त्या प्रसंगाला आवाज जरा वाढवा. आणि शेवट होईल तेव्हा लगेच उठू नका. जो हिशेब विक्रमला शेवटपर्यंत चुकवता आला असं वाटत होतं, तो कोणाच्या हातून आणि कसा पुरा होतो, हे बघण्यासारखं आहे.

घंटा झालेली दिसतेय. आमटीचा वासही येतोय. सर, बाई, तुम्ही इतका वेळ शांत बसून ऐकलंत, वर्गात आम्ही तुमचं इतकं ऐकत नव्हतो.